सॅम्पल फ्लॅटमधले गुप्ते

बोरिवली पश्चिमेला 'ती शाळा' म्हटलं की कोणती शाळा, हे कुणी विचारत नाही. जो विचारतो तो बोरिवलीचा नसतो, किंवा त्याच्या घरात लहान मूल नसतं. सुबोध गुप्ते स्वतः त्या शाळेत शिकला होता, मागच्या बाकावर का होईना, आणि आपली अबोलीही तिथेच जाणार हे त्याने तिच्या बारशाला घुगऱ्या वाटता वाटता जाहीर करून टाकलं होतं. गुप्त्यांचं घर शाळेपासून इतकं जवळ होतं की शाळेची घंटा झाली की सुबोधची आई शुभाताई भाताखालचा गॅस बंद करायच्या. शाळा जवळ होती, मूल तयार होत होतं, सगळं कसं जुळून आलं होतं. अडचण एवढीच झाली की मूल शाळेच्या वयाचं झालं आणि घर पडलं.

पडलं म्हणजे पाडलं. 'सुरभी' सोसायटी पुनर्विकासाला गेली. मंडळींनी पेढे खाल्ले, बिल्डरबरोबर फोटो काढले आणि पांगली. कुणी कांदिवलीला, कुणी मीरा रोडला, एक देशपांडे तर थेट बदलापूरला. गुप्ते दहिसरला, नदीपलीकडे, भाड्याच्या घरात गेले. जुन्या जागेभोवती निळे पत्रे उभे राहिले आणि पत्र्यांआड खड्डा झाला. साधासुधा नव्हे. वरून डोकावलं तर माणसाला वाटावं, इमारत वर बांधायची ठरली होती की खाली?

आणि शाळेच्या माहितीपत्रकात एक ओळ होती. विद्यार्थ्याचे राहते घर शाळेपासून तीन किलोमीटरच्या आत असावे. शाळेच्या शिक्षिका घरी येऊन खात्री करतील.

दहिसरचं घर तीन किलोमीटरच्या बाहेर होतं. सुबोधने नकाशावर सगळ्या गल्ल्यांतून मोजून पाहिलं, नदीतून मोजून पाहिलं, एकदा तर कावळा उडतो तसं सरळ मोजलं. कावळासुद्धा बाहेरच जात होता.

"अरे, शाळेत फोन करून विचार ना सरळ," निशा, त्याची बायको, म्हणाली. "आपलं घर पाडलंय म्हणावं, आता काय करू?"

सुबोध हसला. ते हसू निशाला लग्नापासून माहीत होतं आणि लग्नापासूनच आवडत नव्हतं. सुबोध विमा कंपनीत होता. लोकांचे दावे तपासायचं काम. न जळलेली दुकानं, न चोरीला गेलेल्या गाड्या, न मोडलेले पाय, असलं सगळं पकडण्यात त्याची उमर चालली होती, आणि नियम कसा वाचावा हे आपल्याइतकं बोरिवली-दहिसर पट्ट्यात कुणाला कळत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"निशा, नियम विचारायचा नसतो," तो म्हणाला. "विचारलास की तो तुला लागू होतो. आपण गप्प बसायचं. आधार कार्डावर पत्ता सुरभीचा आहे, तोच भरायचा. त्यात खोटं काय?"

"आणि बाई आल्या म्हणजे? खड्ड्यात बसवणार त्यांना?"

 सुबोधने ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, आणि हीच पहिली चूक झाली. इमारत पडली तरी ग्रुप उभा होता. उलट माणसं लांब गेल्यापासून सल्ले जास्त येत होते. एकाने लिहिलं, शाळेजवळच्या चुलतभावाकडे एक दिवस राहायला जा. गुप्त्यांना चुलतभाऊ नव्हता. दुसऱ्याने लिहिलं, बाईंना सांगा की घरात कांजिण्या आहेत. बदलापूरच्या देशपांड्यांनी लिहिलं, इकडे या, इथे शाळा चिक्कार आहेत. त्यावर पाच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. शेवटी मितेशचा फोन आला.

मितेश शहा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या शहांचा मुलगा. हा आता त्याच बिल्डरकडे नव्या टॉवरचे फ्लॅट विकत होता.

"सुबोधभाई, टेन्शन कशाला घेतो यार? सॅम्पल फ्लॅट आहे ना आपला! पत्र्याच्या आतच, गेटच्या बाजूला. सेम प्लॉट, सेम पत्ता. सोफा, बेड, किचन, सगळं रेडी. तू फॅमिली घेऊन बस. मॅडम आली, बघितली, गेली. झकास!"

सुबोधने रात्रभर विचार केला आणि त्याच्या दावेतपासनीस मनाला त्यात खोट सापडेना. पत्ता तोच. जागा तीच. 'आम्ही इथे राहतो' असं तोंडाने म्हणायचंच नाही. घरात बसायचं, चहा द्यायचा. पाहणाऱ्याने काय समजायचं ते त्याचं त्याने समजावं.

अर्ज गेला. काही दिवसांनी निरोप आला: रविवारी सकाळी इरावती मॅडम घरभेटीला येतील.

"रविवार?" मितेश फोनवर किंचाळला. "रविवारी तर कस्टमर येतो बॉस! पण चल, सकाळी एक तास मॅनेज करतो."

रविवारी उजाडताच गुप्ते कुटुंब सामानासकट सॅम्पल फ्लॅटवर हजर झालं. पत्र्याची शेड, आत गारेगार एसी, आणि त्या शेडच्या पोटात एक पूर्ण घर. असं घर की निशा दारातच थबकली. सगळं होतं, आणि काहीच नव्हतं. टीव्ही पुठ्ठ्याचा. फ्रिज पोकळ. फळं प्लास्टिकची. नळाला पाणी नाही, संडासावर 'वापरू नये' अशी पाटी. सोफा आणि पलंग मुद्दाम आखूड केलेले, म्हणजे खोली मोठी दिसते. आणि हॉलच्या खिडकीत काचेमागे दिवे लावून एक भलंमोठं छायाचित्र: खाली नॅशनल पार्कचं हिरवंगार जंगल, वर ढग. बाविसाव्या मजल्यावरून दिसणारा देखावा. शेड तळमजल्याला होती.

"पडदा ओढून घेऊ," सुबोध म्हणाला.

"पडदा शिवलेला आहे," निशा म्हणाली. "सरकत नाही."

घर राहतं दिसावं म्हणून निशाने दहिसरहून शक्य तेवढं उचलून आणलं होतं. कुकर, मिसळणाचा डबा, लोणच्याची तेलकट बरणी, ओला टॉवेल, अबोलीची सायकल, सगळ्यांच्या चपला. शुभाताईंनी देव आणले होते. तुळशीची कुंडी रिक्षात मांडीवर घेऊन आणली होती. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा निशाने काढून आणलं होतं. या कॅलेंडरची एक गोष्ट आहे. दहिसरच्या घरी ते गुडघ्याच्या उंचीवर टांगलेलं असे. अबोलीने पहिल्याच आठवड्यात तिथे खडूंनी एक मोठं चित्र काढून ठेवलं होतं, आणि घरमालक हा भिंतींवरून हात फिरवून बघणारा गृहस्थ होता. त्यामुळे तारीख बघायला गुप्त्यांच्या घरी रोज वाकावं लागे. आता सवयीने निशाने ते इथेही गुडघ्याशीच टांगलं. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आई, तू काही बोलू नकोस हं," सुबोधने विनवलं.

"मी खोटं बोलणार नाही," शुभाताई देव मांडत म्हणाल्या. "गप्प बस म्हणशील तर बसते."

 गप्प बसणं आईला आजवर कधीच जमलं नव्हतं.

आणि तेवढ्यात त्याला गेटवर कृष्णाबाई दिसली. कृष्णाबाई गोराईची कोळीण. सुरभीच्या गेटवर तिची पाटी कित्येक वर्षं लागत होती. इमारत पडली म्हणून तिने जागा सोडली नव्हती, कारण जुनी गिऱ्हाइकं रविवारी मासळीसाठी परत येत. गुप्तेही येत. सगळ्या बेतात ही एक बाई सुबोध विसरला होता. तो धावत गेला.

"कृष्णाबाई, आज एक मॅडम येतील. त्यांनी विचारलं तर सांग, गुप्ते इथेच राहतात."

कृष्णाबाईने पत्र्यामागे पाहिलं. "हितं? खड्ड्यात?"

"तू फक्त एवढंच सांग. आज मोठी सुरमई घेतो."

"सांगते की," कृष्णाबाई म्हणाली. "तुमी सांगितलं तसंच सांगते. माजं काय जातंय?"

इरावती मॅडम वेळेआधी आल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात. दारात चपला काढल्या, देवांना हात जोडले आणि सोफ्यावर बसल्या. बसल्या म्हणजे त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. सुबोध समोरच्या खुर्चीत होता. त्याचेही गुडघे तिथेच होते. दोघं जण लहान मुलांच्या बाकावर बसल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले.

"छान आहे घर," मॅडम म्हणाल्या. "गार आहे."

"एसी आहे," सुबोध म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, जिथून त्या आत्ताच एकही पायरी न चढता आल्या होत्या. मग पुन्हा खिडकीकडे पाहिलं. "जंगल फारच खाली दिसतंय."

"हवा स्वच्छ असली की दिसतं," सुबोधच्या तोंडून निघून गेलं. निशाने डोळे मिटले.

मॅडमनी पाणी मागितलं. निशा स्वयंपाकघरात गेली, सवयीने नळ उघडला, नळ 'फुस्स' करून गप्प झाला, मग तिने पिशवीतली बाटली काढून पेल्यात ओतली. तोवर मॅडमचा हात कपाटातल्या पुस्तकांकडे गेला होता. त्यांनी एक पुस्तक ओढलं. सबंध रांग एकत्र बाहेर आली, कारण ती एकाच पुठ्ठ्याची होती. मॅडमनी ती शांतपणे परत ढकलली.

"वाचन दांडगं दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि कॅलेंडर एवढं खाली का हो?"

सुबोधला घाम फुटला. एसी असून फुटला. त्याच्या ऑफिसात समोरच्या खुर्चीत लोक असेच बसत आणि त्यांच्या कपाळावर असाच घाम येई. तो घाम पाहिला की सुबोध फाइल बंद करायचा. दावा नामंजूर. आज त्याला पहिल्यांदाच त्या खुर्चीतून जग कसं दिसतं ते दिसत होतं, आणि ते फार चांगलं दिसत नव्हतं.

"अबोलीला दिसावं म्हणून," निशा म्हणाली. "वार शिकवतोय."

"अरे वा! ये गं अबोली. तुला फळ आवडतं का? खा की एखादं."

अबोलीने टोपलीतल्या सफरचंदाकडे पाहिलं. "ते खायचं नसतं," ती म्हणाली. "ते खोटं आहे."

 पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. कारण त्याच वेळी दार धाडकन उघडलं आणि मितेशच्या मागून गिऱ्हाइकं आत आली. एक तरुण नवराबायको आणि मुलीची आई. मितेशने गुप्त्यांना खुणेने 'सॉरी' केलं. ही माणसं लवकर आली होती.

"हा आपला टू बीएचके," मितेश म्हणाला. "आणि हे... हे आमचे..." त्याची नजर कुकरवर, तुळशीवर, मॅडमवर फिरली. "लाइव्ह डेमो आहे. फॅमिली कशी राहील, ते दिसावं म्हणून."

"काय मस्त आयडिया आहे!" तरुणी म्हणाली आणि तिने मिसळणाचा डबा उघडून हुंगला. "ममा, खरी हळद आहे!"

"आमचे... पाहुणे आहेत," सुबोध मॅडमना म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. मॅडम पेल्यातलं पाणी घोटाघोटाने पीत राहिल्या.

तरुणीची आई बेडरूममध्ये गेली, पलंगावर हात फिरवला, आणि दाराशी बसलेल्या शुभाताईंना म्हणाली, "आजी, तुम्ही झोपून बघितलंय का हो? प्रशस्त आहे नाही खोली?"

सुबोधने आईकडे पाहिलं. शुभाताईंनी ओठ घट्ट मिटले होते. मान खाली घातली होती. अर्धं मिनिट त्या तशा बसल्या, आणि सुबोधला वाटलं, जमलं. आज आईला जमलं. पण समोरची बाई आयुष्यभराची पुंजी घालून या पलंगाला भुलणार, हे शुभाताईंना बघवेना.

"प्रशस्त कसली?" त्या ताडकन म्हणाल्या. "पलंग आखूड आहे बाई! पाय बाहेर येतात. सोफा आखूड, कपाट आखूड. सगळंच आखूड करून ठेवलंय खोली मोठी दिसायला. तुमचा घरचा पलंग आणा, दार लागायचं नाही. नळाला पाणी नाही, ते टीव्ही-बीव्ही पुठ्ठ्याचं. आम्ही सकाळपासून बसलोय, संडासला जायची सोय नाही!"

"आई!" सुबोध आणि मितेश एकदमच ओरडले.

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत बाहेर पडली. मितेश त्यांच्यामागे धावला. "वाट लावली यार," एवढंच तो जाता जाता म्हणाला, आणि सुबोधला त्यात काही खोडून काढण्यासारखं सापडलं नाही.

इरावती मॅडमनी पेला खाली ठेवला. "अबोली, तुझं घर दाखव मला."

अबोली उठली, मॅडमचं बोट धरलं आणि त्यांना बाहेर घेऊन गेली. मागून तिघं गेले. पत्र्याला एके ठिकाणी भोक होतं. तिथे अबोली उभी राहिली आणि वर, मोकळ्या आभाळात बोट दाखवलं. "तिथे. क्रेनवर कावळा बसलाय ना, त्याच्या खाली आमचं स्वयंपाकघर. आणि तिथे माझी खिडकी. आता पाडलंय. पुन्हा बांधणार आहेत, पण बाबा म्हणतात बिल्डरचं काही सांगता येत नाही."

मॅडम बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. गेटवरच्या मावशींनी सांगितलं मला. म्हणाल्या, 'साहेबांनी सांगितलंय, इथेच राहतात म्हणून सांग, तर सांगते, इथेच राहतात. र्‍हायला दहिसरला हायेत.'"

सुबोधने गेटकडे पाहिलं. कृष्णाबाई त्याच्याकडे बघून हात हलवत होती. सांगितलं तसंच सांगितलं होतं तिने. सुरमई राखून ठेवली होती.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून..." निशाचा आवाज चिरकला. "मग आत कशाला आलात?"

"उन्हातून आले होते. आणि खरं सांगू? बघावं म्हटलं, कुठपर्यंत जाता ते." मॅडम सुबोधकडे वळल्या. "अहो, शाळेभोवती निम्म्या इमारती पाडल्यात. पुनर्विकासात गेलेल्यांचा जुनाच पत्ता धरतो आम्ही. बिल्डरचं एक पत्र लागतं, बस. ऑफिसात एक फोन करायचा होतात. आता मी अहवालात काय लिहू ते सांगा."

निशाने सुबोधकडे पाहिलं. त्या बघण्याला तोंड द्यायला विमा कंपनीचं कुठलंही कलम पुरलं नसतं. अबोली अजून पत्र्याच्या भोकाला डोळा लावून उभी होती. तिची जागा आत्ता, या क्षणाला, बापाच्या हुशारीवर टांगलेली होती.

"जे पाहिलंत ते लिहा," सुबोध म्हणाला. "मी दावे तपासतो, मॅडम. माणसाचं नुकसान खरं असतं, पण एक खोटी गोष्ट सांगतो आणि मी त्याचा सबंध दावा फेटाळतो. मला दुसरं काही मागता येणार नाही. फक्त हे पोरीने केलेलं नाही, ते तेवढं लिहा. तिने आल्यापासून खरंच सांगितलंय."

"हं," मॅडम म्हणाल्या.  त्यांनी चष्मा लावला. "मी घरभेटीला आले आहे आणि अजून घर पाहिलेलं नाही. चला दहिसरला."

"आत्ता? हे सामान..."

"राहू दे सामान. मला अजून दोन घरं बघायची आहेत."

दोन रिक्षा झाल्या. सबंध रस्ताभर सुबोध मनातल्या मनात म्हणत होता, आता तरी खरं घर आहे, आता काही लपवायचं नाही. दहिसरच्या घराचं दार उघडलं, आणि निशाने कपाळाला हात लावला.

घर रिकामं होतं. ओट्यावर कुकर नाही, मिसळणाचा डबा नाही. देव्हाऱ्यात देव नाहीत. दोरीवर टॉवेल नाही, दाराशी एक चप्पल नाही, बाल्कनीत तुळस नाही. माणसं राहतात असं दाखवणारी घरातली एकूण एक वस्तू गुप्त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलून खोट्या घरात नेऊन ठेवली होती. इरावती मॅडम स्वयंपाकघरात डोकावल्या, कोरड्या मोरीत डोकावल्या, आणि दिवाणखान्याच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"गुप्ते," त्या म्हणाल्या, "इथे कुणी राहत असेल असं वाटत नाही हो."

 आज सुबोध खरं सांगायला तयार होता, पण पुराव्याला एक टॉवेलसुद्धा नव्हता. शुभाताईंना रडू फुटायच्या बेतात होतं. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली, जायला वळल्या, आणि थांबल्या.

त्या खाली वाकून भिंतीकडे बघत होत्या. कॅलेंडरचा नुसता खिळा उरला होता. त्याच्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर, लाल-निळ्या खडूंनी काढलेली एक वाकडी इमारत होती. प्रत्येक खिडकीत एक डोकं. एका खिडकीत कुकर. गेटवर पाटी आणि पाटीतून बाहेर आलेली एक मासळी. आणि सबंध इमारतीखाली तपकिरी रंगाने रगडून रगडून काढलेला एक खड्डा.

मॅडम जमिनीवर बसल्या. या वेळी गुडघे नीट दुमडले. "हे तू काढलंस?"

"हो," अबोली म्हणाली. "पण घरमालक काकांना सांगायचं नाही."

"नाही सांगत." त्यांनी पेन काढलं आणि तिथेच मांडीवर ठेवून काहीतरी लिहिलं. जाताना दारात सुबोधला म्हणाल्या, "बिल्डरचं पत्र उद्या आणून द्या. आणि तुम्ही स्वतः या, त्या फ्लॅट विकणाऱ्या मुलाला पाठवू नका."

अबोलीचं नाव पुढच्या आठवड्यात लागलं. कृष्णाबाईने ते आपल्यामुळे लागलं असं गेटवर सगळ्यांना सांगितलं आणि सुरमई दोनदा खपवली. मितेश अजून बोलत नाही. सामान आणायला सुबोधला एकट्यालाच जावं लागलं, आणि परत आल्यावर तो कॅलेंडर टांगायला वाकला, तर निशा म्हणाली, "वर लाव. डोळ्यांसमोर."

"आणि घरमालक आला तर?"

"आला तर सांगू," निशा म्हणाली, "शाळेने पास केलंय."